वाड्यातला वर्ग आणि कराराचा कागद

जुन्या वाड्याच्या चौकात इतिहासाचा तास घ्यावा, ही कल्पना शाळांना आता नवी राहिलेली नाही. सुटीतील शिबिरे, मोडी लिपीचे वर्ग, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांचे मोजमापाचे काम अशा अनेक निमित्तांनी वारसा वास्तूंची दारे उघडली जातात. बहुतेक वेळा हे मालकाच्या तोंडी होकारावर चालते. होकार देणारे वडीलधारे निवर्तले, वाटण्या झाल्या किंवा वाडा विकला गेला, तर पुढे काय, हे मात्र त्या वेळी कोणालाच सुचत नाही.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो भाडेपट्टा आणि परवाना यांतील भेदाचा. भाडेपट्ट्याने मालमत्तेत हक्क निर्माण होतो. १८८२ च्या ईझमेंट्स अॅक्टच्या कलम ५२ नुसार परवान्याने मिळते ती केवळ वापराची मुभा. शैक्षणिक उपक्रमाला सहसा परवाना पुरेसा असतो. पण कागदावर 'परवाना' असे लिहिल्याने भागत नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शब्दांपेक्षा व्यवहाराचे खरे स्वरूप महत्त्वाचे मानले. वाड्याचा संपूर्ण ताबा संस्थेकडे आणि मालकच दाराबाहेर, अशी स्थिती असेल तर तो भाडेपट्टा ठरण्याचा संभव वाढतो.

परवान्यात संस्थेलाही धोका आहेच. कलम ५९ प्रमाणे वास्तू विकली गेल्यास नवा मालक केवळ तेवढ्याने जुन्या परवान्याला बांधील राहत नाही. उलट, परवान्याच्या भरवशावर संस्थेने स्वखर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केले, तर कलम ६० नुसार मालकाला परवाना रद्द करता येत नाही. मुलींसाठी स्वच्छतागृह बांधणे ही साधी गरज. पण ते कोणाच्या खर्चाने आणि मुदत संपल्यावर कोणाचे, हे आधी लिहिलेले नसेल तर त्यावरून कोर्टाची पायरी चढावी लागते. शिवाय वाडा सामाईक असेल तर एका भावाची सही पुरत नाही. मिळकत पत्रिकेवरील सर्व नावे पाहूनच मसुदा करावा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा तो लागू असलेल्या भागांत शैक्षणिक वापराच्या जागांनाही लागू होतो. त्यातील कलम ५५ प्रमाणे 'लिव्ह अँड लायसन्स' करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते अपघाताचे कलम. लाकडी जिना किती मुलांचा भार पेलेल, सज्जा बंद ठेवायचा की नाही, तपासणी कोण करणार, विमा कोणी काढायचा, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. पालकांची संमतीपत्रे गोळा केली म्हणजे निष्काळजीपणाची जबाबदारी संपली, हा समज चुकीचा आहे.

संरक्षित स्मारकांचे नियम याहून कडक आहेत. केंद्राच्या संरक्षणाखालील स्मारक पाहायला वर्ग नेणे वेगळे आणि तेथे सभा, परिषद वा करमणुकीचा कार्यक्रम घेणे वेगळे. दुसऱ्यासाठी १९५९ च्या नियमांनुसार केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. खासगी मालकीच्या संरक्षित स्मारकाबाबत १९५८ च्या कायद्याच्या कलम ६ खाली मालक आणि पुरातत्त्व खाते यांच्यात करार होऊ शकतो. त्यात वापरावरील निर्बंध आणि लोकांना द्यावयाचा प्रवेश या दोन्हींचा समावेश करता येतो. असा करार असल्यास शाळेने तो आधी मागून वाचावा. मालकाला जे देण्याचा अधिकारच नाही, ते तो शाळेला देऊ शकत नाही.

अर्ज कोणाकडे करायचा, यातही गफलत होते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, सिंधुदुर्ग आदी किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. राजगड, प्रतापगड, साल्हेर आणि खांदेरी हे चार मात्र राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. एकाच सहलीत रायगड आणि राजगड या दोन्ही ठिकाणी कार्यक्रम घ्यायचा असेल, तर अर्जही दोन कार्यालयांकडे करावे लागतात.