विश्लेषण : ‘सरपंचपतीं’चा विनोद महिला सरपंचांना महाग का पडतो?

२०२० मध्ये आलेल्या ‘पंचायत’ या वेब सीरिजमध्ये फुलेरा गावच्या निवडून आलेल्या प्रधान मंजूदेवी आहेत. गाव मात्र ‘प्रधानजी’ म्हणते ते त्यांच्या पतीला. फुलेरा काल्पनिक, तेही उत्तर प्रदेशातले. पण या ‘प्रधानपतीं’ना महाराष्ट्रात ‘सरपंचपती’ म्हणतात आणि ते अजिबात काल्पनिक नाहीत.

सरकारने काय केले?

केंद्राने नेमलेल्या समितीने फेब्रुवारी २०२५ मध्ये पत्नीच्या नावावर कारभार हाकणाऱ्यांना जबर दंडाची शिफारस केली. मार्चमध्ये पंचायती राज मंत्रालयाने लघुपटही आणला : ‘असली प्रधान कौन?’ त्यात प्रमुख भूमिकेत मंजूदेवी साकारणाऱ्या नीना गुप्ताच. पडद्यावरची प्रतिमा पडद्यावरूनच पुसण्याचा हा प्रयत्न म्हणायचा.

प्रतिमेने खरेच फरक पडतो?

पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्यात अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी हे तपासले. गावकऱ्यांना नेत्याचे एकच भाषण ऐकवले. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे महिला प्रधान कधीच झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. शब्द तेच, मुद्दे तेच! आरक्षणामुळे महिला प्रधान पाहिलेल्या गावांत हा फरक जवळपास उरला नव्हता. सलग दोनदा महिला प्रधान लाभलेल्या पंचायतींत आरक्षण उठल्यावरही महिला जास्त संख्येने उभ्या राहिल्या, निवडूनही आल्या. मुला-मुलींबाबत पालकांच्या अपेक्षांतली तफावतही २५ टक्क्यांनी घटली. म्हणजे खुर्चीवर बाई दिसणे महत्त्वाचे. ‘सरपंचपती’ नेमके तेच दिसणे अडवतो.

महाराष्ट्रात काय?

२०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. तरीही २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचाला पद परत मिळवण्यासाठी सर्वोच्च न्यायालय गाठावे लागले. बाई सरपंच झाल्याचे काही गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, असे निरीक्षण न्यायालयाने नोंदवले.

माध्यमेही यातून सुटत नाहीत. गावच्या रस्त्याच्या भूमिपूजनाची बातमी आठवा : सरपंच म्हणून नाव बाईंचे, फोटोत कुदळ पतीच्या हातात आणि प्रतिक्रियाही त्यांचीच. सरपंचपदाच्या सोडतीत पुढच्या वेळी ते गाव खुल्या प्रवर्गात गेले, तर मतदारांना कामे आठवतील ती फोटोतल्या माणसाची.