वाफेत काळा होणारा गोळा

गणपतीत मोदकपात्राचं झाकण उघडतं. भस्सकन वाफ येते. आत मोदक कसे? पांढरेशुभ्र!

आता चल माझ्याबरोबर इंग्लंडमधल्या एका स्वयंपाकघरात. नोव्हेंबर संपत आलाय. इथेही पाणी खळखळतंय, वाफ येतेय. झाकण उघडलं तर आत काय? काळाकुट्ट गोळा!

करपला? छे, छे! हे आहे ख्रिसमस पुडिंग. ते असंच दिसायला हवं!

पण वाफ तर दोन्हीकडे सारखीच. मग मोदक पांढरा आणि पुडिंग काळं का? डोकं चालव हं. तोवर आपण पुडिंग कालवू या.

मोठं पातेलं घ्यायचं. त्यात भरपूर मनुका आणि बेदाणे. ब्रेडचा चुरा, थोडं पीठ, अंडी, काळपट साखर, दालचिनी, जायफळ. शिवाय किसलेली पांढरी, घट्ट चरबी. ती गाईच्या मूत्रपिंडाभोवतीची असते. हल्ली वनस्पतींपासून केलेलीही मिळते. गंमत म्हणजे ही चरबी लोण्यापेक्षा उशिरा वितळते. तोवर आजूबाजूचं मिश्रण जरा आवळून येतं. मग चरबी वितळते आणि तिच्या जागी उरतात इवल्या इवल्या पोकळ्या! म्हणून एवढं जड पुडिंग तोंडात मऊ लागतं.

याचं जुनं नाव प्लम पुडिंग. प्लम म्हणजे आलुबुखार. ओळख बघू, यात आलुबुखार किती?

एकही नाही! पूर्वी इंग्रजीत मनुकांनाही प्लमच म्हणायचे.

ढवळायला मात्र सगळं घर हवं. आजोबांपासून चिमुरड्यापर्यंत प्रत्येक जण एकदा तरी डाव फिरवतो. तोही पूर्वेकडून पश्चिमेकडे! कारण बाळ येशूला भेटायला ज्ञानी लोक पूर्वेकडून आले होते. ढवळताना मनात एक इच्छा धरायची. ती कुणाला सांगायची नाही! या दिवसाचं नाव ‘स्टर-अप संडे’. स्टर म्हणजे ढवळणं. ख्रिसमसच्या आधीचा हा पाचवा रविवार.

मग मिश्रण वाडग्यात भरायचं. वरून कागद बांधायचा, पण त्याला मधे एक चुणी घालायची. फ्रॉकला असते ना, तशीच! पुडिंग फुगलं की चुणी उलगडते आणि कागद फाटत नाही. किती हुशारी!

पूर्वी वाडगा नसायचा. गोळा फडक्यात बांधून थेट पाण्यात उकळायचे. चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ च्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या गोष्टीत तर एक गरीब कुटुंब कपडे धुण्याच्या हंड्यातच पुडिंग शिजवतं. वाफेबरोबर त्या फडक्याचा धुण्याच्या दिवसासारखा वास येतो!

आता उकडायचं. किती वेळ? मोदकाला जेमतेम पाव तास. पुडिंगला तब्बल आठ तास! तू शाळेत जाऊन येशील, खेळून येशील, तरी ते आपलं उकडतंच आहे. पाणी आटलं की मोठ्यांनी पुन्हा उकळतं पाणी घालायचं.

सापडलं ना आपल्या कोड्याचं उत्तर? वेळ!

तव्यावरची चपाती आठव. तिच्यावर तपकिरी ठिपके पटकन उमटतात. पदार्थातली साखर आणि प्रथिनं तापली की एकमेकांचा हात धरतात. त्यातून नवे रंग आणि खमंग वास तयार होतात. फ्रान्सच्या लुई कामी मायार या शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये हे सांगितलं. तवा खूप तापतो, म्हणून तिथे हे काम धावतं. वाफ मात्र साधारण १०० अंशांवरच थांबते. तिथे तेच काम कासवासारखं चालतं. पण कासवाला आठ तास दिले तर? पोहोचतंच की ते! बासुंदीचं नाही का? पांढरंशुभ्र दूध आटता आटता बदामी होतं.

शिवाय पुडिंगात काळपट साखर आणि मनुका आहेतच. मोदकाच्या पारीत साखर कुठली? सगळा गोडवा आत लपलेला!

आता पुडिंग थंड, कोरड्या जागी महिनाभर ठेवून द्यायचं. खराब नाही होत? नाही! मोरांब्यासारखंच आहे हे. साखर पाणी इतकं घट्ट धरून बसते की जंतूंना ते मिळतच नाही. बिचारे तहानलेले राहतात!

ख्रिसमसला पुडिंग पुन्हा दोनेक तास उकडायचं. ते आणखी काळं होतं! ताटात उपडं करायचं. दिवे मालवायचे. मग एखादं मोठं माणूस (मोठंच हं!) त्यावर कोमट ब्रँडी ओतून काडी लावतं.

भप्प! पुडिंगभर निळ्या ज्वाळा नाचू लागतात! पण जळतं काय, माहितेय? पुडिंग नाही. ब्रँडीतल्या अल्कोहोलची वाफ! ती संपली की ज्वाळा आपोआप विझतात. ओलंगच्च पुडिंग जसंच्या तसं!

आता तुझा तुकडा घे. पण हळू चाव हं. ढवळताना कुणीतरी त्यात चांदीचं नाणं टाकलेलं असतं. ज्याच्या तुकड्यात ते सापडेल, तो वर्षभर नशीबवान!

खळ्ळ! अरेच्चा, तुझ्याच ताटलीत वाजलं की!