सांघिक पकड आणि तिचा क्रमबद्ध सराव

कबड्डीच्या सामन्यात प्रेक्षकांची दृष्टी चढाई करणाऱ्या खेळाडूवर खिळलेली असते. सामन्याचा निकाल मात्र पुष्कळदा समोरच्या सात रक्षकांच्या परस्पर-सामंजस्यावर अवलंबून असतो. हे सामंजस्य उपजत नसते, ते सरावाने घडवावे लागते. १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या, म्हणजेच आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार होतात. नाशिक विभागाचा संघ निवडला जातो तेव्हा नाशिक शहर, निफाड, सिन्नर, येवला अशा निरनिराळ्या ठिकाणचे खेळाडू प्रथमच एकत्र येऊ शकतात. त्यांपैकी कोणी गावच्या मातीवर अनवाणी वाढलेला, तर कोणी मॅटवर बूट घालून खेळलेला असतो. प्रत्येकाची पकड स्वतंत्रपणे उत्तम असूनही असा संघ रक्षणात कोसळण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी थोड्या दिवसांत कोणता सराव कोणत्या क्रमाने घ्यावा, हा येथे विचाराचा विषय आहे.

प्रथम अंतरांचा हिशेब पाहणे अगत्याचे आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे प्रत्येक बाजूस ६.५ मीटरांची खोली मिळते. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरांवर, तर बोनस रेषा तिच्याही पलीकडे १ मीटरवर असते. चढाईपटू निदान रेषेपाशी पकडला गेला, तर त्याच्या परतीचे अंतर पावणेचार मीटर आहे असे वाटते. परंतु हात पुढे पसरून पडलेला साधारण उंचीचा मनुष्य दोन मीटरांहून अधिक अंतर व्यापतो. त्यामुळे त्याला प्रत्यक्षात सुमारे दीड मीटरच पुढे सरकावयाचे असते. पहिल्या रक्षकाने घोटा धरल्यापासून हे दीड मीटर संपेपर्यंत जो क्षण मिळतो, तेवढाच दुसऱ्या रक्षकाचा अवधी होय. सांघिक रक्षणाचा सारा प्रश्न ह्या दुसऱ्या खेळाडूचा आहे.

नियमांमुळे हा प्रश्न आणखी बिकट होतो. चढाईपटू निसटून मध्यरेषेस पोहोचला, तर झटापटीत त्याला स्पर्श झालेले सर्व रक्षक बाद ठरतात. एकटाच रक्षक झेपावला तर पकड सुटण्याची भीती असते. चौघे एकदम धावले आणि पकड सुटली, तर चार गुण जातात. सर्व सातही बाद झाल्यास लोण बसून आणखी दोन गुणांचा भुर्दंड पडतो. म्हणून ‘सर्वांनी तुटून पडा’ हा उपदेश ‘ज्याने त्याने आपापले पाहा’ ह्या उपदेशाइतकाच घातक आहे. कोणी जावयाचे आणि कोणी थांबावयाचे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

सरावाची पहिली पायरी स्पर्शरहित असावी. सात रक्षक दोन-तीन-दोन अशा रचनेत हात धरून उभे राहतात. चढाईपटू डावीउजवीकडे केवळ फिरतो, स्पर्श करीत नाही. तो डाव्या कोपऱ्याकडे वळला की तेथील जोडी मागे सरते आणि उजवी बाजू अर्धवर्तुळाकार पुढे येते. बास्केटबॉलमध्येही असाच एक प्रचलित सराव आहे. चार आक्रमक चेंडू नुसता फिरवितात आणि चार रक्षक प्रत्येक फेकीबरोबर आपली जागा बदलतात. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्या रक्षकाने काय करावे, हेच त्यातून शिकविले जाते. कबड्डीतही चढाईपटूपासून दूर असलेल्या रक्षकाचे शिक्षण येथूनच सुरू होते.

दुसरी पायरी संकेताची. साखळीतील जोडीदाराचा हात दाबणे हा बोलण्यापेक्षा शीघ्र व गुप्त संकेत आहे. पकडीचा निर्णय जोडीतील एकानेच घ्यावा, सामान्यतः कोपरारक्षकाने. अनोळखी खेळाडूंच्या संघात जोड्या रोज बदलण्याचा मोह टाळून त्या पहिल्याच दिवशी निश्चित कराव्यात.

तिसऱ्या पायरीत प्रत्यक्ष पकड येते, तीही प्रथम निम्म्या वेगाने. कोपरारक्षक घोटा धरतो. त्याच्या जोडीदाराने चढाईपटूच्या मागे न धावता तो व मध्यरेषा ह्यांच्या दरम्यान शिरून कंबर किंवा मांडी धरावी. तिसरा रक्षक केवळ परतीची वाट अडवितो. उरलेले हात आखडून जागेवर राहतात. पायांची कैची घालणे, कपडे वा केस धरणे, गळा आवळणे हे प्रकार नियमबाह्य व अपायकारक असल्याने ते ह्याच संथ पायरीत मोडून काढावेत. वेग वाढल्यावर सवय बदलत नाही. मातीवरून मॅटवर आलेल्यांना ह्या पायरीवर अधिक वेळ द्यावा. कारण मॅटवर बुटाची पकड दृढ असल्याने चढाईपटू अधिक झपाट्याने वळतो.

चौथ्या पायरीत रक्षकांची संख्या क्रमाने कमी करावी. सहा किंवा सात रक्षक असताना बोनस गुण देय असतो. त्यामुळे चढाईपटू खोल शिरण्यास प्रवृत्त होतो आणि त्याचे परतीचे अंतर वाढते. पाच रक्षक उरल्यावर हे आमिष नाहीसे होते. तीन किंवा त्याहून कमी रक्षकांनी केलेल्या अव्वल पकडीस एक गुण अधिक मिळतो. परंतु तेव्हा अडविण्याची रुंदी तीच आणि माणसे निम्म्याहून कमी असतात. प्रत्येक संख्येसाठी रचना वेगळी असते. सातांचाच सराव केलेला संघ तिघांवर येताच गोंधळतो तो ह्यामुळेच.

शेवटी मूल्यमापनाचा मुद्दा. यशस्वी पकडींची नुसती मोजदाद केल्यास घोटा धरणाऱ्याचेच श्रेय नोंदले जाते. त्याऐवजी प्रत्येक प्रयत्नात दुसरा रक्षक वेळेवर आला की नाही, आणि ज्याने थांबावयाचे तो थांबला की नाही, ह्या दोन गोष्टी टिपाव्यात. चार दिवसांच्या अशा नोंदींवरून कोणती जोडी जुळली व कोणती बदलावी, हे मार्गदर्शकास स्पष्ट दिसू लागते. बलवान खेळाडू निवडीतून मिळतात. वेळेवर येणारा दुसरा खेळाडू सरावातूनच मिळतो.