कुत्र्याचे पथ्य

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कुत्रा आहे, म्हणून ही माहिती देत आहोत. त्याला ३ आठवड्यांहून अधिक काळ वारंवार जुलाब वा उलट्या होत असतील, तर आजार जुनाट समजावा. पशुवैद्य प्रथम जंतांसाठी विष्ठा तपासतात. पुष्कळदा दुखण्याचे मूळ अन्नात असते. म्हणून पूर्वी न खाल्लेले प्रथिन असलेले एकच अन्न निदान २ आठवडे देऊन पाहतात. या काळात कोणी बिस्किटाचा तुकडा जरी दिला, तरी परीक्षा फसते. माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नये; आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात. विष्ठेत रक्त दिसले किंवा वजन उतरले, तर तातडीने दाखवावे. मुलांनो, त्याला पथ्य कळत नाही; ते आपणच सांभाळायचे.