बालकांचे हात आणि संग्रहालय

नागपूरचें मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालीं स्थापन झालें; परंतु विदर्भांतील लोकांच्या तोंडीं त्याचें नांव अजून 'अजब बंगला' हेंच आहे. या नांवांत कौतुक आहे, तसा एक दोषही आहे. अजब वस्तु पाहाव्या, तोंडांत बोट घालावें आणि घरीं परतावें, एवढाच संग्रहालयाशीं आपला संबंध, अशी समजूत त्यानें दृढ होते. मोठ्या माणसाचें यांत फारसें बिघडत नाहीं. सहा वर्षांच्या मुलाचें मात्र बिघडतें. त्यास ज्ञान डोळ्यांइतकेंच हातांतून होत असतें, आणि तेथें तर पावलोपावलीं 'हात लावूं नये' ही पाटी! अर्ध्या घटकेंत तें कंटाळतें, पाणी मागूं लागतें, आणि वडील म्हणतात, "याला यांतलें काय कळणार?"

या प्रश्नाचें उत्तर कांहीं संग्रहालयांनीं कृतीनें दिलें आहे. मुलास वस्तूपुढें बसवावें, ती निवांत पाहूं द्यावी आणि मग त्याच्या हातांत माती, कागद व रंग द्यावे. अमेरिकेंतील ब्रुकलिन येथें केवळ मुलांसाठीं म्हणून संग्रहालय १८९९ सालींच निघालें. आपल्याकडे मुंबईस भायखळ्याचें डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ सालीं तें लोकांस खुलें झालें. नाना व्यवसायांच्या व नाना वेषांच्या माणसांच्या लहान लहान मृण्मय मूर्ति तेथें आहेत, आणि मुलांच्या कलाकार्यशाळा भरविण्याचा परिपाठही आहे. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ पासून लोकांस खुलें आहे. त्याच्या आवारांत २०१९ सालीं मुलांचें स्वतंत्र संग्रहालय उघडण्यांत आलें.

कार्यशाळा म्हणजे चित्रकलेचा वर्ग नव्हे. समजा, मुलांपुढें एक जुना टांगता दिवा आहे. याला वाती किती? तेल कोठून घालीत असतील? साखळी कोठें अडकविली आहे? वर पक्षी बसविला आहे तो कशासाठीं? असे चारपांच प्रश्न झाले कीं मुलें आपण होऊन दिव्याच्या भोंवतीं फिरूं लागतात. मग ज्याला जो भाग आवडला तो त्यानें मातींत घडवावा किंवा रंगवावा. कोणी नुसता पक्षीच करील, कोणी दिवा लावणारी आजी काढील आणि तिचा हात तिच्या डोक्याहून मोठा दाखवील. तेथें मोठ्यांनीं आपली पेन्सिल पुढें करूं नये. दिवा धरणारा हात हाच त्या बाळाच्या मनांत मोठा आहे. तें दिसतें तसें नव्हे, तर जाणतें तसें काढीत असतें. व्हिएन्ना येथील फ्रान्झ सिझेक या कलाशिक्षकानें १८९७ सालीं मुलांचा वर्ग काढिला, तो याच तत्त्वावर कीं मुलाची कला ही मोठ्यांच्या कलेची बिघडलेली नक्कल नसून स्वतंत्र वस्तु आहे.

हा विचार परदेशी म्हणून कोणी नाक मुरडूं नये. कामसूत्रावरील 'जयमंगला' टीकेंत यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत. रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग, हा त्यांचा क्रम. रूपारूपांतील भेद ओळखणें हें पहिलें आणि हुबेहुबपणा हा पांचवा! आपल्या शाळांतून मात्र आरंभच पांचव्यापासून होतो. फळ्यावरचा आंबा वहींत उतरला कीं चित्रकला आली. पुढें परीक्षा जवळ आली म्हणजे तो तासही गणिताच्या उजळणीकडे जातो. अशा रीतीनें दहाव्या वर्षीं मूल "मला चित्र येत नाहीं" असें म्हणूं लागतें, आणि बहुधा जन्मभर म्हणत राहतें. आमच्या मतें खरी हानि ही आहे. ज्याला काढतां येत नाहीं असें वाटतें, तो पाहणेंही सोडून देतो.

कोणी म्हणेल, हें मुंबईस शोभतें. वाशीम जिल्ह्यांतील आमच्या आसेगांवच्या मुलांचा याच्याशीं काय संबंध? संबंध फार जुना आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तेथें १९३९ सालीं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडांत आला. याच शाखेचा नृपति हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव यानें अजिंठ्याचें सोळावें लेणें करविलें, असें तेथील शिलालेखच सांगतो. शेजारच्या सतराव्या लेण्यांत लहानग्या राहुलास बुद्धापुढें करणारी त्याची माता चितारलेली आहे. पंधरा शतकें टिकलेल्या त्या चित्रांतील बहुतेक रंग गेरू, पिवळी माती, चुना, काजळी असल्या साध्या पदार्थांचे आहेत. ज्या राज्याच्या आश्रयानें हीं चित्रें झालीं, त्याच भूमींतील मुलांस रंग म्हणजे दुकानांतली डबी एवढेंच ठाऊक असावें, हें बरें नव्हे.

शिवाय साधनांची वाण कोठें आहे? पोळ्याचे मातीचे बैल आणि भुलाबाईची मूर्ति वऱ्हाडांतील मुलांस नवी नाही. कुंभाराकडची मळलेली माती, गेरू, हळद आणि पाठकोरे कागद एवढ्यावर रविवारची सकाळ सुखानें जाईल. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानें २०१५ सालीं बसगाडींतील फिरतें संग्रहालयही सुरू केलें. शाळाचालकांनीं एक पत्र लिहून आपल्या गांवाची विचारणा करण्यास कांहीं वेंचावें लागत नाहीं.

आणि तोंवर पाहावयास वस्तु कोठून आणावयाच्या? घरांतून. पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें सांगणें नको. कवि 'अज्ञातवासी' म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनीं अल्पवयांत वारलेल्या आपल्या राजा नांवाच्या पुत्राच्या स्मरणार्थ तें उभारिलें आणि १९७५ सालीं सुमारें वीस हजार वस्तूंचा तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. त्यांत आहे काय? दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्‍या, बाहुल्या; म्हणजे आपल्या आजीच्या कोनाड्यांतलेंच सामान. तेंच सामान आज घरोघरीं अडगळ ठरून वजनावर मोडींत जात आहे.

म्हणून गृहिणींस आमची विनंती अशी कीं, तांब्याचा बंब किंवा पितळी पानदान मोडीस घालण्यापूर्वीं एक दिवस तें मुलांपुढें ठेवावें. त्यांना तें उघडूं द्यावें, उचलूं द्यावें, मातींत घडवूं द्यावें. चूक दुरुस्त करूं नये, पहिला दुसरा नंबर काढूं नये. चित्रामागें मुलाचें नांव व तारीख लिहून तें जपून ठेवावें. एवढें झाल्यावर मग भांडें विकावयाचें कीं नाहीं, हें मुलास विचारून ठरवावें. त्याचें उत्तर काय येईल, याविषयीं आम्हांस फारशी शंका वाटत नाहीं.