फुले आजच पोहोचवायची आहेत?

माझी अम्मी लवकर गेली. मला वाढवले ते खालांनी. मागच्या मार्चमध्ये पुण्यात त्यांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा मी सोलापुरात दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक होते. रजा मिळणे शक्य नव्हते. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मोबाईलवरून एका कंपनीकडे फुले मागवली. ‘आजच पोहोचतील’ असे लिहिले होते, पैसेही लगेच कापले गेले. फुले पोहोचली रात्री नऊ वाजता. भेटीची वेळ संपली होती, चौकीदाराने माणसाला आत सोडले नाही. खालांच्या मुलाने खाली जाऊन गुच्छ घेतला, तेव्हा गुलाबांनी माना टाकल्या होत्या.

तो मला म्हणाला, “आपा, हॉस्पिटलसमोरच एक फूलवाला बसतो. नंबर पाठवतो, उद्या त्याच्याशीच बोला.”

दुसऱ्या दिवशी फोन केला, तर त्या भल्या माणसाने आधी मलाच प्रश्न विचारले. पेशंट आयसीयूत आहे की वॉर्डात? कितवा मजला? भेटायची वेळ कोणती? सोबत कोण आहे? “आयसीयूत असतील तर पाठवू नका मॅडम, तिथं फुलं आत नेऊ देत नाहीत. आणि शेजारी दुसरं पेशंट असेल तर उग्र वासाचं नको, जरबेरा देतो.” गुच्छ बांधून त्याने फोटो पाठवला, मग मी पैसे पाठवले. चार वाजता फुले खालांच्या उशाशी होती.

भगिनींनो, या दोन दिवसांत मला एक गोष्ट कळली. फुलांच्या मोठ्या कंपन्या पुष्कळदा स्वतः फुले पाठवत नाहीत. आपली ऑर्डर त्या त्या शहरातल्या एखाद्या दुकानाकडे जाते. कंपनी आपले कमिशन ठेवते आणि उरलेल्या पैशांत गुच्छ बांधला जातो. ही पद्धत जुनी आहे. १९१० मध्ये अमेरिकेतल्या काही फूलवाल्यांनी एकमेकांच्या ऑर्डरी तारेने कळवण्यासाठी संघटना काढली होती. गुच्छ बांधणारा हात तेव्हाही त्या गावातल्या फूलवाल्याचाच होता. मग त्याच्याशी थेट बोलता येत असेल तर का बोलू नये? ज्या शहरात आपले कोणीच नाही, तिथे मात्र कंपनीचा उपयोग होतो.

वेळेचे गणितही समजून घ्यावे. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळी लवकर फुलांचा बाजार भरतो आणि दुकानदार तिथून माल आणतात. म्हणून दुपारच्या आत सांगितले तर ताजी फुले मिळण्याची शक्यता जास्त. संध्याकाळी उरलेल्यातून निवडावे लागते. दसरा-दिवाळीला, लग्नसराईत भाव चढतात, तेव्हा आदल्या दिवशीच सांगून ठेवावे.

फोन करताना इतके लक्षात ठेवा. घेणाऱ्याचे पूर्ण नाव, मजला, खोली आणि सोबतच्या माणसाचा नंबर द्या. एकूण किती पैसे आणि पोहोचवण्याचे वेगळे किती, ते आधी विचारा. ठरावीक फुलाचा हट्ट धरू नका, “आज ताजे काय आहे?” असे विचारा. फुले मिळाली की देठाचे टोक तिरके कापून स्वच्छ पाण्यात ठेवायला सांगा आणि पाणी रोज बदलायला सांगा.

आजाऱ्याची अयादत हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सुगंधी फूल कोणी दिले तर नाकारू नये, अशीही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मला वाटले होते, फुले पाठवून माझे कर्तव्य झाले.

संध्याकाळी खालांचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण खुशीचा.

“बेटी, फुलं फार छान आहेत. नर्सबाईंनाही दाखवली.” मग क्षणभर थांबून म्हणाल्या, “तू कधी येतेस?”

शनिवारी पेपर संपला आणि मी थेट स्टेशन गाठले. गेले तेव्हा जरबेरा अजून ताजा होता. खालांनी मात्र त्याच्याकडे पाहिलेही नाही. माझा हात धरून ठेवला.