विळ्यासारखी रक्तपेशी

मंडळी, अक्कलकुवा-धडगावकडच्या पाड्यांत एखादे पोर थंडीत हातपाय धरून रडते. डोळे पिवळे, अंगात रक्त नाही. कुणी म्हणते, बाहेरची बाधा. बाधा कसली! दोष आहे रक्तातल्या एका प्रथिनात. ह्या विकाराला सिकलसेल म्हणतात.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेले. हिमोग्लोबिनात अशा चार माळा, त्यांतल्या दोन १४६ मण्यांच्या. त्यांत सहावा मणी ग्लुटामिक आम्लाचा हवा, तिथे व्हॅलिन बसलेले असते. व्हर्नन इनग्रॅम ह्यांनी १९५७ साली हे दाखवून दिले. मणी एकच, पण ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवते, व्हॅलिनला नाही. हिमोग्लोबिनाने प्राणवायू सोडला की हे व्हॅलिन पाणी टाळून शेजारच्या हिमोग्लोबिनाच्या खोबणीत शिरते. एकाला एक चिकटून ताठ दोर वळले जातात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिनीत ती अडकते, म्हणून कळा येतात.

आईबाप दोघेही वाहक असले, तर दर खेपेला मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक. वाहक मात्र धडधाकट दिसतो, बरे का! तेव्हा सोयरीक ठरवण्याआधी दोघांचे रक्त तपासून घ्या. आणि गुरुजी, वर्गात असे पोर असेल तर त्याला उन्हात पळवू नका; पाणी मागेल तेव्हा पिऊ द्या.